जुडीच्या आत काय, जुडीवर काय

"भाऊजी, खरं सांगा. यात जीवनसत्त्वं जास्त असतात म्हणूनच हा भाव आहे ना?"

शेजारच्या वहिनींच्या हातात सेंद्रिय पालकाची जुडी होती. नाशिकच्या गंगापूर रोडला रविवारी सकाळी लागणाऱ्या एका स्टॉलवरून आणलेली, केळीच्या सोपटाने बांधलेली, आणि बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात मिळते तिच्या दुपटीहून जास्त भावाची. माझं आयुष्य कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे गल्लीत कुणालाही डब्याबद्दल, बाटलीबद्दल किंवा जुडीबद्दल शंका आली की ती माझ्या दारात येते. मी म्हटलं, "थोडं हो, थोडं नाही." वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही." आणि गेल्या.

माहीत आहे. फक्त ते दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. त्या हिशेबाने दुकानातली बहुतेक कीटकनाशकंसुद्धा सेंद्रियच ठरतात. आणि युरिया? १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवला, आणि सजीवांच्या शरीरातले सेंद्रिय पदार्थ बाहेरही बनवता येतात हे त्यातून जगाला दिसलं. आज ज्या भाजीला युरिया घातलेला नाही तिला आपण सेंद्रिय म्हणतो. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही जागे व्हायचे.

शेतीतला सेंद्रिय वेगळा. तो शेती कशी केली त्याचं वर्णन करतो. रासायनिक खत नाही, कृत्रिम कीटकनाशक नाही, तणनाशक नाही; त्याऐवजी शेणखत, गांडूळ खत, जीवामृत, निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क. हे खरोखर पाळलंय का, ते तपासायच्या आपल्याकडे मुख्यतः दोन व्यवस्था आहेत. एक केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात बाहेरची प्रमाणन संस्था शेत तपासते. दुसरी पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धती, ज्यात शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेतं तपासतो. पाकीटबंद मालावर 'जैविक भारत'चं चिन्ह दिसतं, ते अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांमुळे. आणि एक गोष्ट ग्राहकाला सहसा कुणी सांगत नाही: आज युरिया बंद केला म्हणून उद्याची भाजी सेंद्रिय होत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात हंगामी पिकांना साधारण २ वर्षं आणि बहुवर्षायू पिकांना ३ वर्षं रूपांतराचा काळ काढावा लागतो. 'विषमुक्त' आणि 'गावरान' हे शब्द मात्र कुणीही पाटीवर खडूने लिहावेत. त्यांच्यामागे असं काही नसतं.

आता वहिनींचा प्रश्न. जुडीच्या आत काही जास्त असतं का?

यावर जगात शेकड्यांनी अभ्यास झालेत आणि ते वरवर पाहता एकमेकांशी भांडतात. २००९ मध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी मागच्या ५० वर्षांतले अभ्यास चाळले आणि बहुतेक पोषकांत सांगण्यासारखा फरक नाही असं म्हटलं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाचा निष्कर्षही जवळपास तोच. मग २०१४ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३४३ शोधनिबंध एकत्र करून वेगळा सूर लावला: सेंद्रिय पिकांत पॉलिफेनॉल गटातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं जास्त, प्रकारानुसार सुमारे १८ ते ६९ टक्क्यांनी; नायट्रेट ३० टक्क्यांच्या आसपास कमी; आणि कॅडमियम हा घातक धातू सुमारे ४८ टक्के कमी, पण हा शेवटचा फरक मुख्यतः धान्यांत दिसलेला.

वर्तमानपत्रांनी दर वेळी वेगळा मथळा दिला आणि लोकांना वाटलं शास्त्रज्ञांचं काही खरं नाही. प्रत्यक्षात लोह, कॅल्शियम, तंतू, जीवनसत्त्वं, म्हणजे वहिनी ज्यासाठी पालक घेतात त्या गोष्टींत फरक एक तर सापडत नाही किंवा किरकोळ सापडतो, यावर या तिघांत फार मतभेद नाहीत. भांडण आहे ते पॉलिफेनॉलवर. आणि तिथे गोष्ट खरोखर रंजक आहे.

झाडाला पळून जाता येत नाही. अळी आली, बुरशी आली, ऊन चढलं, तरी ते उभं राहतं. मग ते आपल्या अंगातच काहीबाही तयार करतं: कडवट, तुरट, तिखट, रंगीत. अळीला नकोशी वाटतील, बुरशीला आवरतील, अतिनील किरणं झेलतील अशी द्रव्यं. त्यातला मोठा गट पॉलिफेनॉलचा. कांद्याच्या सालीजवळचा लालसर जांभळा रंग, वांग्याची जांभळी कांती, मेथीचा तुरटपणा या सगळ्यांत ही मंडळी कमीअधिक आहेत. झाडाने ती स्वतःच्या रक्षणासाठी केलेली असतात. आपल्या शरीरात त्यांचा उपयोग होतो हा आपला फायदा, झाडाचा हेतू नव्हे.

आता नत्राकडे बघा. युरियात ४६ टक्के नत्र असतं, आणि ते पाण्याबरोबर झपाट्याने जमिनीत उतरतं. पालकाला युरिया दिला की तो आठवड्यात तरारतो. पानं मोठी, गडद, रसरशीत. पण त्या भरात झाडाचा बहुतेक माल वाढीवर खर्च होतो, पानात पाणी जास्त भरतं आणि न वापरलेलं नत्र नायट्रेटच्या रूपात पानातच साठतं. शेणखताचं तसं नाही. जमिनीतल्या जिवाणूंनी ते कुजवायचं, त्यातून नत्र थोडं थोडं सुटायचं. युरिया म्हणजे बोनस एकदम हातात पडणं, शेणखत म्हणजे रोजंदारी. रोजंदारीवरचं झाड हळू वाढतं, त्याच्याकडे नत्राच्या मानाने कार्बन शिल्लक राहतो, आणि तो ते फेनॉलसारख्या द्रव्यांत घालतं. शिवाय फवारणी नसल्याने किडीशी दोन हात त्यालाच करावे लागतात. ही दोन कारणं धरली तर न्यूकॅसलवाल्यांचे आकडे पटण्यासारखे वाटतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १० वर्षं शेजारशेजारच्या शेतांत पिकवलेले टोमॅटो तपासले होते. २००७ मध्ये निकाल आला: सेंद्रिय टोमॅटोत क्वेर्सेटिन हे पॉलिफेनॉलांपैकीच एक द्रव्य सरासरी ७९ टक्क्यांनी जास्त. हा आकडा सेंद्रिय मालाच्या जाहिरातींत आवडीने वापरला जातो. पण त्यापुढचं वाक्य जाहिरातीत नसतं. टोमॅटोत क्वेर्सेटिन मुळातच चिमूटभर. १०० ग्रॅमला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. साध्या कांद्यात ते ढोबळ मानाने तीसेक पट, लाल कांद्यात त्याहून अधिक. म्हणजे लासलगावच्या लाल कांद्याच्या चार चकत्या भाकरीबरोबर खाल्ल्या, तर त्या टोमॅटोचा ७९ टक्के फायदा तुम्ही केव्हाच मागे टाकला. तोही कांदा सेंद्रिय असो वा नसो. फक्त सोलताना वरचे दोन-तीन पापुद्रे उदारपणे फेकू नका, क्वेर्सेटिन बाहेरच्या थरांतच जास्त असतं.

म्हणून "किती टक्के जास्त?" या प्रश्नाआधी "कशाच्या किती टक्के?" हे विचारावं.

आणि पॉलिफेनॉल जास्त खाल्ल्याने माणूस जास्त निरोगी होतो का? फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार लोकांच्या पाहणीत सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण २५ टक्के कमी दिसलं. तो निबंध २०१८ चा. पण तीच मंडळी व्यायामही जास्त करणारी, भाज्याही जास्त खाणारी. सांख्यिकीने हे फरक वजा करायचा प्रयत्न केला जातो, पण तो पुरता साधत नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत एकूण कर्करोगात अशी घट दिसली नव्हती. सेंद्रिय भाजीने अमुक रोग बरा होतो असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडून भाजी घ्या, सल्ला घेऊ नका.

भाजीचं पोषण कशाने ठरतं

वहिनींच्या पालकाकडे परत येऊ. १०० ग्रॅम पालकात साधारण ३ मिलिग्रॅम लोह असतं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलेली बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम. शिवाय वनस्पतीतलं लोह शरीर जेमतेम घेतं. पालकात ऑक्झॅलेटही भरपूर, आणि ते कॅल्शियमला घट्ट धरून बसतं. अमेरिकेत मोजलं तेव्हा पालकातल्या कॅल्शियमपैकी ५ टक्क्यांच्या आसपासच शरीरात गेलं, दुधातलं मात्र २७ टक्क्यांच्या आसपास. ही खोड पालकाच्या जातीची आहे. तुम्ही त्याला जीवामृत द्या नाहीतर युरिया, ऑक्झॅलेट काही निघून जात नाही.

मग कॅल्शियमसाठी पालकाचा हट्ट का? मेथीत १०० ग्रॅमला पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे आणि ऑक्झॅलेट पालकाच्या तुलनेत फारच कमी. शेवग्याच्या पाल्यात ३०० च्या पुढे. दुधात १२० च्या आसपास. आपल्याकडे शेवग्याच्या शेंगा आमटीत घालतात आणि पाला शेळीला टाकतात. शेळ्या सुदृढ असतात यात नवल नाही. मखमलाबादकडे बांधाबांधावर शेवगा आहे, मागितला तर पाला कुणी फुकटही देईल.

पालकाची खरी श्रीमंती फोलेटमध्ये आणि बीटा कॅरोटिनमध्ये. फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व, गरोदरपणात फार महत्त्वाचं. बीटा कॅरोटिनचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, पण ते स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. तेव्हा पातळ भाजीवर लसणाची फोडणी पडते ती नुसती वासासाठी नाही. टोमॅटोतल्या लायकोपीन या लाल रंगद्रव्याचं तसंच, कच्च्यापेक्षा तेलात शिजलेल्या टोमॅटोतलं शरीराला सोपं जातं. पालकातलं लोह वर लिंबू पिळल्याने जास्त शोषलं जातं, कारण क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. जेवणाला लागून घेतलेला चहा नेमका उलटं काम करतो. लोखंडी कढईत टोमॅटो घालून भाजी शिजवली तर कढईतलंही थोडं लोह उतरतं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. तिथे लिंबाची फोड आणि चहाची वेळ या दोन गोष्टी सेंद्रियच्या शिक्क्यापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

आणि बी-१२ कुठल्याच भाजीत नाही. हे स्वतंत्रपणे सांगावं लागतं, कारण 'सेंद्रिय भाजीत मातीचे जिवाणू असतात, त्यातून बी-१२ मिळतं' असा एक निरोप फोनवर फिरत असतो. शाकाहारी माणसाने त्यावर विसंबू नये.

यानंतर ताजेपणा. क जीवनसत्त्व हे सगळ्यांत नाजूक: उष्णतेने जातं, पाण्यात विरघळतं, हवेने जातं. पालकासारख्या पातळ पानांतून ते कापणीनंतर लगेच घटायला लागतं, आणि उन्हाळ्यात घरात तशीच पडलेली जुडी दोन-तीन दिवसांत निम्म्याहून जास्त गमावू शकते. इथे नाशिककरांचं नशीब मोठं आहे. आपल्या पालेभाज्या रात्रीच्या गाड्यांनी कसारा घाट उतरून मुंबईला जातात. मुंबईकर सकाळी जी ताजी म्हणून घेतो ती आपल्याकडे आदल्या दिवशीच पाहून झालेली असते. गिरणारे, मखमलाबाद, आडगाव, दिंडोरी सगळं हाकेच्या अंतरावर. बुधवारच्या बाजारात पोत्यावर बसलेल्या आजीने सकाळीच उपटलेली मेथी, मुळांना ओली माती लागलेली, आणि स्टॉलवरची फ्रिजमध्ये दोन रात्री काढलेली प्रमाणित मेथी, यात क जीवनसत्त्वाच्या बाबतीत माझा पैसा आजीवर. (पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की घाटावरचा बाजार विस्कटतो, तेव्हा आजी कुठे बसली ते शोधत फिरावं लागतं. ते वेगळं.)

शेवटी पातेलं. भाजी चिरून मग धुणं, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतणं, याने जेवढं क जीवनसत्त्व आणि फोलेट जातं तेवढा फरक सेंद्रिय आणि साध्या भाजीत क्वचितच असेल. आधी धुवा, मग चिरा, थोड्या पाण्यात झाकण ठेवून वाफवा, उरलेलं पाणी वरणात घाला. आमच्या आईने हे कुठल्याही पुस्तकात न वाचता केलं. तिला पाणी वाया घालवणं पटत नसे, एवढंच.

जुडीवर काय

आतापर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी सेंद्रियच्या विरोधात आहे. तसं नाही. कारण आत फरक थोडा असला तरी वर तो बराच असू शकतो.

स्टॅनफर्डच्या त्याच अभ्यासात कीटकनाशकांचे अवशेष सेंद्रिय मालाच्या सुमारे ७ टक्के नमुन्यांत सापडले, साध्या मालाच्या ३८ टक्के नमुन्यांत. न्यूकॅसलच्या अभ्यासातही साध्या पिकांत अवशेष सापडण्याचं प्रमाण चौपट. सापडणं म्हणजे धोकादायक असणं नव्हे; बहुतेक वेळा ते ठरलेल्या कमाल मर्यादेच्या आतच असतात. पण त्या ७ टक्क्यांकडेही बघा. शेजारच्या शेतातून वाऱ्याने येतं, जुन्या जमिनीत उरलेलं असतं, आणि कधी कुणी लबाडीही करतं. शिवाय सेंद्रिय शेतीत फवारणी होतच नाही हाही गैरसमज. निंबोळी अर्क, गंधक, मर्यादेत तांबं म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण, हे तिथे चालतं.

अवशेष म्हणजे काय, हे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराइतकं नीट या राज्यात क्वचितच कुणाला कळत असेल. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अवशेष सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती. तेव्हापासून एमआरएल आणि पीएचआय हे शब्द निफाड-दिंडोरीत पारावरच्या गप्पांत आले. एमआरएल म्हणजे मालात किती अवशेष चालतील याची कमाल मर्यादा. पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये सोडायचे दिवस. 'रेसिड्यू फ्री' द्राक्षं म्हणतात ती बहुधा याच शिस्तीतून येतात: फवारलेली असतात, पण दिवस मोजून. ती सेंद्रिय नव्हेत.

माझी तक्रार इथे आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. घाटावरच्या वांग्याचा कोण नेतो? सरकारी यंत्रणा नमुने घेते, पण प्रत्येक लॉट तपासला जात नाही, जाऊही शकत नाही. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते, ती आत शिरली की वरच्या फवाऱ्याला दाद देत नाही, म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो. वांग्याचा तोडा दर चार-आठ दिवसांनी. मग पीएचआयचे दिवस सोडायचे कधी? भेंडीचंही असंच, ती दिवसाआड तोडावी लागते नाहीतर निबर होते. शेतकरी बेफिकीर आहे असं सोपं उत्तर इथे चालत नाही. पिकाचं वेळापत्रक आणि औषधाचं वेळापत्रक एकमेकांत बसत नाही, आणि डागाचं वांगं आपणच उचलत नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ मध्येच बंदी झाली. कागदावर बंदी होणं आणि दुकानदाराने "हे मारा, लगेच रिझल्ट येतो" म्हणणं थांबणं यात अंतर असतं. कीटकनाशकाला शेतकरी 'औषध' म्हणतो, ग्राहक 'विष'. डबा एकच.

जाता जाता: वांग्यात अळी निघाली म्हणजे ते बिनफवारणीचं, ही आपली आवडती समजूत. वर सांगितलं तसं, आत शिरलेली अळी चार फवारण्यांनंतरही जिवंत निघते. भाजीचा वेडावाकडा आकारही काही सिद्ध करत नाही.

धुतल्याने किती जातं? औषध स्पर्शजन्य असेल, म्हणजे नुसतं पृष्ठभागावर बसलेलं, तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने त्यातलं बरंच कमी होतं. आंतरप्रवाही असेल तर ते झाडाच्या रसातच गेलेलं असतं, ते धुऊन निघत नाही. मिठाचं पाणी, व्हिनेगर, महागडी भाजी धुण्याची द्रव्यं यांवर फार पैसे घालवू नका; पालेभाजी घमेल्यात दोन-तीन पाण्यांत खळबळून घ्या, कोबीची बाहेरची दोन पानं काढा, दुधी सोला. सेंद्रिय भाजीही तितकीच धुवा, किंबहुना कोशिंबिरीची असेल तर जास्त. शेणखत नीट कुजलेलं नसेल तर त्यातले जिवाणू भाजीवर येतात. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, पन्नासेक माणसं गेली. माग लागला तो एका सेंद्रिय शेतावरच्या मोडांपर्यंत, आणि संशय गेला इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यावर. तिथे दोष सेंद्रिय शेतीचा होता असं नव्हे, मोड काढताना जिवाणूही वाढतात म्हणून. पण 'सेंद्रिय म्हणजे धुवायची गरज नाही' असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट ऐकवतो. आणि पाणी? नाल्याच्या पाण्यावर वाढवलेल्या पालकात जड धातू उतरत असतील, तर त्याला गांडूळ खत घातलं होतं की युरिया, याने फरक पडत नाही. स्टॉलवाल्याला मी पहिला प्रश्न खताचा विचारत नाही. "विहीर का नाला?" हा विचारतो.

मग मी स्वतः काय करतो? पगार संपून पेन्शन सुरू झाली तेव्हा सगळंच सेंद्रिय घ्यायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पोषण संस्था दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या खा म्हणते, त्यात १०० ग्रॅम पालेभाजी. आमच्या दोघांच्या घरात तेवढी भाजी रोज पोटात जाणं हे पहिलं. दुप्पट भावामुळे भाजीच निम्मी होणार असेल तर तो शिक्का काय कामाचा? मात्र कोथिंबीर, पालक, कोशिंबिरीची गाजरं-काकडी, वांगी, भेंडी, ढोबळी मिरची जमेल तेव्हा ओळखीच्या सेंद्रियवाल्याकडून घेतो. पालेभाजीला वजनाच्या मानाने पान फार, म्हणजे फवारा बसायला जागा फार, आणि सोलायला काही नाही. कांदा, लसूण, दुधी, लाल भोपळा, मटार हे सोलून किंवा शेंगेतून काढून खायचे, ते बिनदिक्कत साधे आणतो.

आणि पावसाळ्याचे दोन महिने हा हिशेबच बाजूला पडतो. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या बायका रानभाज्यांच्या पाट्या घेऊन उतरतात. करटोली, टाकळा, भारंगी, शेवळं. या भाज्यांना कुणी खत घातलं नाही, कुणी फवारलं नाही, आणि प्रमाणपत्रही कुणी दिलं नाही. त्या झाडांना किडीशी एकट्यानेच झगडावं लागलेलं असतं, आणि त्यांचा कडवट-तुरटपणा जिभेला तसं सांगतो. फक्त ओळखीच्याच घ्याव्यात आणि रीत विचारून घ्यावी.

गेल्या जूनमध्ये वहिनींना मी अशाच एका पाटीसमोर नेलं. त्यांनी शेवळं हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि सवयीने विचारलं, "सेंद्रिय आहेत का?"

ती बाई हसली. पदराखालच्या पिशवीतून तिने मूठभर हिरवी काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, काढली आणि शेवळांवर ठेवली. "हे घ्या ताई, बरोबर शिजवा. नाहीतर घसा धरेल."

घसा धरतो तो कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांनी, आणि आंबट त्यांना आवरतं. मी हे वहिनींना सांगणार होतो, पण त्या तोवर काकडांचे वेगळे पैसे पडणार का, ते विचारत होत्या.